कुठवर झालं?

नागपुरात कामं होत नाहीत असं म्हणणारा माणूस नागपूरचा नसावा. इथे प्रत्येक काम 'झालंच समजा' या अवस्थेत असतं. शिंप्याकडे जा, पँट झालीच समजा. कूलरचं गवत बदलणारा मार्चात "झालंच समजा भाऊ" म्हणून ॲडव्हान्स नेतो आणि मृग लागल्यावर उगवतो. मुलाची सोयरीक, नळाचं कनेक्शन, गल्लीतला रस्ता, सगळं झालेलंच असतं, फक्त आपण ते समजून घ्यायचं असतं.

या गावात एक माणूस मात्र असा आहे की हे दोन शब्द कानावर पडले की त्याच्या अंगावर पित्त उठतं. तो चष्मा कपाळावर सारतो आणि विचारतो, "झालं म्हणता ना? कुठवर झालं?"

त्यांचं खरं नाव त्यांच्या पावतीपुस्तकावर छापलेलं आहे, पण आमच्या पतसंस्थेत शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना सिंकभाऊ म्हणतात. कारण सर्व्हर बंद करायच्या आधी ते 'सिंक' ही आज्ञा तीनदा टाइप करतात. एकदा, एंटर. दुसऱ्यांदा, एंटर. तिसऱ्यांदा, एंटर, आणि मग डोळे मिटून पाच सेकंद शांत. आम्हाला आधी वाटायचं, काहीतरी मंत्र असावा. तसं ते आहेही. जुन्या युनिक्समध्ये सिंक म्हटलं की मशीन "हो, लिहितो" म्हणून लगेच मोकळं व्हायचं आणि खरं लिखाण मागाहून चालायचं. म्हणून जुनी माणसं तीनदा टाइप करायची. तिसऱ्यांदा टाइप होईपर्यंत पहिल्याचं लिहून व्हायचं, एवढाच त्यातला चमत्कार. आताचं लिनक्स लिखाण पुरं होईपर्यंत थांबतं, हे भाऊंना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी तीनदा. "देवाले एकदाच नमस्कार करते का कोणी?"

वय पंचावन्नच्या अलीकडे-पलीकडे. ॲक्टिव्हा. एप्रिल ते जून डोक्याला दुपट्टा असा गुंडाळलेला की माणूस दिसत नाही, नुसता चष्मा गाडी चालवत येतो. खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा आणि त्याच खिशात पेनड्राइव्ह, त्यामुळे त्यांनी दिलेल्या प्रत्येक फाइलीला एक वास असतो. बगलेत कार्बन घातलेलं डुप्लिकेट बुक. प्रत्येक काम त्यात लिहितात, खाली आपली सही घेतात आणि वरची प्रत फाडून आपल्या हातात देतात. व्हॉट्सॲपवर कळवलं तर चालत नाही. "दोन टिका म्हणजे पोचलं. निळ्या टिका म्हणजे उघडलं. समजलं याची टीक कुठं आहे?"

संविधान चौकातून जाताना ते रिझर्व्ह बँकेच्या इमारतीकडे पाहून हमखास गाडी हळू करतात. देशाच्या सोन्याचा एक साठा रिझर्व्ह बँक नागपुरात ठेवते, हे त्यांना या शहराचं सर्वांत मोठं भूषण वाटतं. संत्री नंतर. "नोट म्हणजे नुसता निरोप," ते मागे बसलेल्याला सांगतात. "माल तिथं आहे. याले म्हणते डिस्क."

राइट कॅशला, म्हणजे आधी 'हो' म्हणून मागाहून लिहिणाऱ्या मधल्या मेमरीला, त्यांचा विरोध आहे असा समज मात्र करून घेऊ नका. उलट तिचं खरं मर्म मला त्यांनीच समजावलं, तेही कस्तुरचंद पार्काच्या बाजूला, सकाळी सात वाजता, तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर. आम्ही अकरा जण उभे होतो. पोहेवाल्याने अकरा जणांच्या ऑर्डरी ऐकल्या, कुणाला तर्री जास्त, कुणाला कांदा नको, आणि सगळ्यांना "हो" म्हणून बाजूला उभं केलं. मग अकरा प्लेटा ओळीने मांडल्या, सगळ्यांत पोहे टाकले, मग चण्याच्या तर्रीचा डाव एका फेरीत सगळ्यांवरून फिरवला.

"पाह्य," भाऊ म्हणाले. "एकेकाले वाढत बसला असता तर अकराव्याले दुपार झाली असती. डिस्क अशीच आहे. मिनिटाले 7,200 फेऱ्या, म्हणजे सेकंदाले 120. ह्या कोपऱ्यात एक नोंद, त्या कोपऱ्यात एक नोंद, असं धावडवलं तं सेकंदाले शंभरेक नोंदींतच तिचा दम निघते. म्हणून मधात कॅश. तिनं सगळ्यांले 'हो' म्हणायचं, शेजारशेजारच्या नोंदी गोळा करायच्या अन् एकाच फेरीत वाढून टाकायच्या. याचं नाव राइट-बॅक."

"आणि राइट-थ्रू?"

"राइट-थ्रू म्हणजे प्लेट हातात पडल्याबिगर 'हो' म्हणायचंच नाई."

पोहेवाल्याने प्लेट पुढे केली. भाऊंनी पहिला घास घेतला, आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "राइट-बॅकमधी एकच भानगड. हा आत्ता चक्कर येऊन पडला, तं अकरा जणांचा 'हो' त्याच्यासंगं गेला." त्या दिवसापासून मीही प्लेट हातात पडल्यावरच पैसे देतो. पोहेवाला आम्हा दोघांना ओळखतो आणि फारसा खूश नसतो.

लिनक्सच्या कॅशबद्दल बोलताना त्यांना थेट पंगत सुचते. मेमरीत बदललेल्या पण डिस्कवर न गेलेल्या पानांना इंग्रजीत 'डर्टी' म्हणतात. भाऊ त्यांना खरकटी पानं म्हणतात, आणि खरं सांगतो, हे भाषांतर मूळ शब्दापेक्षा सरस आहे. दर 5 सेकंदांनी एक वाढपी डोकावतो आणि जी पानं 30 सेकंदांपेक्षा जास्त वेळ खरकटी पडली असतील ती उचलून डिस्कवर न्यायला लागतो. मोकळ्या मेमरीचा 10 टक्के भाग खरकटा झाला की वेळ न पाहता मागच्या दाराने उचलणं सुरू. 20 टक्क्यांवर गेला की नव्या लोकांना पंगतीत बसू देत नाहीत, दारात उभं करतात. हे आकडे कारखान्यातूनच येतात, बदलताही येतात. "काही लोक वीसचे ऐंशी करते," भाऊ म्हणतात. "म्हणते, सर्व्हर फास्ट झाला. हाव, झाला ना! मांडवभर खरकटं पडलं आहे, अन् हे म्हणते, पाह्य कशी पटापट पंगत उठून राहिली."

पण त्यांचा खरा हातखंडा दृष्टांत हिवाळी अधिवेशनाचा. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाच्या पदरात काय पडलं यावर या गावात दोन माणसांचं एकमत होणार नाही, पण दर डिसेंबरात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात यावर दुमत नाही. तिथून शिष्टमंडळ आत जातं. मंत्री निवेदन घेतात, वाचल्यासारखं करतात, म्हणतात, "झालंच समजा." शिष्टमंडळ बाहेर येऊन गुलाल उधळतं. इकडे निवेदन मंत्र्यांच्या हातातून पीएकडे, पीएकडून बॅगेत, बॅग विदर्भ एक्स्प्रेसमध्ये, मुंबईत कुठल्याशा टेबलावर, टेबलावरून कपाटात.

"तुमच्या व्हाउचरचं असंच आहे," भाऊ आमच्या काउंटरवरच्या मुलींना सांगत होते. "सॉफ्टवेअर म्हणते, झालं. म्हणजे मेमरीत आलं. मेमरी म्हणते, झालं. म्हणजे डिस्का सांभाळणाऱ्या रेड कार्डाच्या कॅशमधी गेलं. कार्ड म्हणते, झालं. म्हणजे डिस्कच्या आपल्या कॅशमधी गेलं, कारण डिस्कच्या पोटात आणखी एक कॅश असते. तिथून खाली तबकडीवर उतरलं, तवा झालं. चार जण 'झालं' म्हणून राहिले, अन् खरं बोलणारा एकच."

"मग भरवसा कसा ठेवायचा?" एकीने विचारलं.

"त्याच्यासाठी एफसिंक आहे. शिष्टमंडळात एक म्हातारा असते पाह्य, जो जीआरची प्रत हातात पडल्याबिगर खुर्चीवरून उठतच नाई? तो एफसिंक. चांगला डेटाबेस दर व्यवहाराले त्या म्हाताऱ्याले धाडते." जरा थांबून ते म्हणाले, "पण कपाटातल्या बाबूनंच खोटी प्रत दिली, तं म्हातारा काय करंल?"

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं, आणि त्या निमित्तानेच भाऊ आमच्याकडे आले.

पतसंस्था महालातली, सर्व्हर एक, जिन्याखाली. शेजारी यूपीएस आणि गणपतीच्या आराशीचं सामान. रेड कार्डावर कॅश होती आणि त्या कॅशला लाईन गेली तर आतल्या नोंदी जपून ठेवणारी एक छोटी बॅटरी. ती बॅटरी केव्हातरी मेली. शहाणं कार्ड बॅटरी मेली की आपण होऊन राइट-थ्रूवर येतं, म्हणजे सावध होतं आणि म्हणून हळू. आमचं कार्ड शहाणंच होतं. पण मशीन हळू झालं, काउंटरवर रांग लागली, डेली कलेक्शनचे एजंट ओरडू लागले, आणि तेव्हा जो गृहस्थ आमचं मशीन पाहायचा त्याने सेटिंगमध्ये जाऊन 'काही झालं तरी राइट-बॅक' यावर टिचकी मारली. रांग हटली. त्याला पेढे दिले. मीच आणले होते.

पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी अवकाळी आलं आणि लाईन गेली. यूपीएस आहे म्हणून आम्ही निर्धास्त. आता यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगतात आणि त्यावर दर 10 अंशांना ते साधारण निम्मं होतं. हे गाव 23 मे 2013 ला 47.9 अंशांपर्यंत गेलेलं आहे, आणि आमचा जिना गच्चीला लागून. यूपीएसने एक शिट्टी वाजवली आणि प्राण सोडला.

सकाळी डेटाबेस उघडेना. ठेवीदारांच्या पासबुकांवर नोंदी छापलेल्या, आणि कॉम्प्युटरच्या खतावणीत त्यांचा पत्ता नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप लावून दिवसभराची व्हाउचरं हाताने पुन्हा चढवली. तीन दिवस. त्यात एका आजीबाईंचे दोनशे रुपये सापडत नव्हते. त्या रोज येऊन पासबुक दाखवत, मी रोज स्क्रीन दाखवत असे, आणि दोघंही आपापल्या जागी खरे होतो.

भाऊंना कुणीतरी बोलावलं. त्यांनी कार्डाची सेटिंग्ज पाहिली आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग डुप्लिकेट बुक उघडून लिहिलं, 'बॅटरी नाही. तरी राइट-बॅक.' खाली दोन रेघा मारल्या. एखाद्या डॉक्टरने केसपेपरवर मारल्यासारख्या.

संचालक मंडळाला नव्या बॅटरीचा खर्च पटेना. "भाऊ, आता सुरू आहे ना? मग?" अध्यक्ष म्हणाले. भाऊ म्हणाले, "रविवारी या. दाखवतो."

शनिवारी रात्री त्यांनी बॅकअप घेतला. मी म्हटलं, "चला, बॅकअप झाला." चूक झाली. "कुठवर झालं? रिस्टोर करून पाह्यला?" दुसऱ्या मशीनवर तो उघडून, तेरीज जुळवून पाहण्यात रात्रीचे दोन वाजले. बायकोचे चार मिस्ड कॉल आले होते. तेही कुठवर झाले हे मला घरी गेल्यावर कळलं.

रविवारी सगळे संचालक जिन्याखाली. भाऊंनी सर्व्हरला एक लॅपटॉप जोडला. सर्व्हर एका कामचलाऊ फाइलीत एकापाठोपाठ आकडे लिहीत होता, दर आकड्याला म्हातारा एफसिंक धाडत होता, आणि "झालं" असं उत्तर आलं की तो आकडा लॅपटॉपला कळवत होता. पडद्यावर आकडे धावत होते. अध्यक्ष म्हणाले, "वा, स्पीड तर चांगली आहे." भाऊंनी खाली वाकून सर्व्हरची वायर भिंतीतून उपटली.

चौकीदाराने "अरे बाप!" म्हणून टोपी काढली. आमच्या सर्व्हरची वायर कुणी उपटेल, ही कल्पनाच आम्ही कधी केली नव्हती. आमच्याकडे ती फक्त आपोआप जायची.

मशीन पुन्हा सुरू झालं. लॅपटॉपकडे शेवटचा आकडा सहा हजारांच्या पुढचा होता, सर्व्हरच्या फाइलीतला त्याच्या बराच अलीकडचा. मधले सगळे आकडे सर्व्हरने छातीवर हात ठेवून "झालं" म्हणून सांगितलेले, आणि तबकडीवर एकही नव्हता. "हे तुमचे ठेवीदार," भाऊ त्या मधल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले. बॅटरी मंजूर झाली.

मग भाऊंनी जे केलं ते सांगायला दोन ओळी पुरतात. नवी बॅटरी असेतो राइट-बॅक, बॅटरी पडली की आपोआप राइट-थ्रू, 'काही झालं तरी' हा पर्याय बंद, आणि खाली प्रत्येक डिस्कच्या पोटातली कॅशही बंद, कारण कार्डाची बॅटरी तिथवर पोचत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा वायर उपटली. या वेळी लॅपटॉपपाशी असलेला एकूण एक आकडा सर्व्हरवर सापडला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी पुन्हा उपटली. तीनदा.

तरुण पिढीशी त्यांचं पटत नाही असं नाही, पण एक प्रसंग सांगायलाच हवा. अध्यक्षांचा भाचा इंजिनिअर होऊन आला. बॅकअपच्या मशीनवर साध्याच डिस्का होत्या, रेड कार्ड नव्हतं. त्याने कुठे तरी वाचून लिनक्सच्या सिस फोल्डरातल्या राइट-कॅश नावाच्या फाइलीत 'राइट बॅक' पुसून 'राइट थ्रू' लिहिलं आणि भाऊंना अभिमानाने दाखवलं. "काका, सेफ पण झालं, आणि आधीपेक्षा फास्ट पण चालतंय!"

भाऊंनी चष्मा कपाळावर सारला. "सेफ झालं अन् फास्टही झालं? असं एकही लग्न मी आजवर नाई पाह्यलं."

झालं होतं ते असं. त्या फाइलीत लिहिलं की फक्त लिनक्सची समजूत बदलते, डिस्क बदलत नाही. लिनक्सला वाटलं, या डिस्कला कॅशच नाही, म्हणून त्याने 'आतलं तबकडीवर उतरव' हे हुकूम धाडणंच सोडून दिलं. डिस्कच्या पोटातली कॅश जशीच्या तशी चालू. म्हातारा एफसिंक आता रिकाम्या कचेरीत जाऊन परत येत होता. म्हणून फास्ट.

"बेटा," भाऊ म्हणाले, "'कुत्र्यापासून सावध' ही पाटी काढली म्हणून कुत्रं पळून जाते का? वरून आता येणारा-जाणारा सावधही राहत नाई."

मग त्यांनी फाइलीतलं 'राइट बॅक' परत लिहिलं, एचडीपार्म या आज्ञेने खरोखरीच डिस्कची कॅश बंद केली, आणि मुलगा "झालं ना काका?" म्हणून उठायला लागला तेव्हा त्याला खाली बसवलं. "कुठवर झालं? रीबूट केल्यावर राह्यलं पाहिजे ना?" दर सुरुवातीला ते सेटिंग पुन्हा लागेल अशी सोय करेपर्यंत त्या पोराला जेवायला जाता आलं नाही. आता तो बंगळुरात नोकरीला आहे आणि फोनवर "काका, कुठवर झालं?" असंच विचारतो.

एवढं सगळं लिहून झाल्यावर भाऊंच्या घरचंही सांगितलं पाहिजे, नाही तर अर्धवट नोंद केल्यासारखं होईल. मागच्या पोळ्याला मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, गॅसचं बुक केलं का?"

"झालंच समज," भाऊ म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते पेपरात तोंड घालून होते.

"विजेचं बिल?"

"डोक्यात आहे."

वहिनी पुरणाचा हात तसाच घेऊन बाहेर आल्या. "डोक्यात आहे! त्या डोक्याले बॅटरी आहे का?" आणि मला म्हणाल्या, "पाहा ना भाऊजी, मागच्या महिन्यात बिल यांच्या डोक्यातच राह्यलं आणि मीटर कापायला माणूस दारात. तेव्हापासून मी सगळं तिकडे लिहिते." भिंतीवर कालनिर्णय होतं. त्यात दूध, पेपर, सिलिंडर, भाऊंच्या बीपीच्या गोळ्या, प्रत्येकाची तारीख आणि पुढे बरोबरची खूण. गोळ्यांच्या पुढची खूण भाऊ गोळी गिळून ग्लास खाली ठेवेपर्यंत त्या करत नाहीत. सिलिंडर त्यांनी आदल्याच दिवशी बुक केलं होतं. विचारलं ते फक्त पडताळणीसाठी.

भाऊंनी पेपर खाली केला. "हिच्या भरवशावर मी राइट-बॅकवर चालतो," ते मला हळूच म्हणाले. यावर वहिनींनी काहीही न बोलता आत जाऊन पुरणपोळी तव्यावर टाकली.

आमचा सर्व्हर त्यानंतर दोन उन्हाळे आणि अनेक वेळा गेलेली लाईन पाहून नीट उभा आहे. यूपीएस जिन्याखालून हलवला, गणपतीची आरास तिथेच आहे. आजीबाईंचे दोनशे रुपये एका एजंटच्या डायरीत सापडले, पानाच्या मागच्या बाजूला.

भाऊंच्या बिलाचंही सांगतो. बॅटरी, मजुरी, तीन रविवार. बिल दिलं त्या दिवशी अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, झालंच समजा." भाऊ दर महिन्याच्या पाच तारखेला येतात, डुप्लिकेट बुक माझ्या टेबलावर ठेवतात आणि विचारतात. बिलावर अध्यक्षांची सही झाली आहे, व्यवस्थापकांची झाली आहे, ऑडिटरचा शेरा पडला आहे. चेक अजून लिहायचा आहे.